बऱ्या गोष्टींचा कागद

माझा स्वभाव तिरसट आहे. इथे येऊन तो तसा झाला असं नाही, गावाहून निघतानाच मी तो गाठोड्यात बांधून आणला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण बऱ्या गोष्टींच्या कागदाची हकीकत ऐकली की लोक मला उगाच भला माणूस समजू लागतात. लोकांना दोन घटका बरं वाटावं म्हणून दर महिन्याला हातानं लिहून कागद काढणारा माणूस म्हटला की कुणीतरी हसतमुख गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. मी तसा नव्हतो, आणि त्या कागदाची कल्पनाही माझी नव्हती.

गावी लग्नाकार्याला जी पांढरी साखर येई तिला आम्ही मोरस साखर म्हणत असू. मोरस हे एका बेटाचं नाव आहे आणि तिथे माणसं लागतात, हे मला भरती करणाऱ्या दलालाकडून कळलं. साखरेच्या गावाला निघालो म्हणून मी जहाजावर चढताना मनातून खूश होतो. इथे आल्यावर पहिली पाच वर्षं मी ऊस तोडला, आणि साखर जिभेवर ठेवली ती दोन वेळा, दोन्ही वेळा चोरून.

सांत्र द फ्लाकपासून थोड्या अंतरावर आमची कोठी होती. उसाचा मळा आणि त्याचा साखरेचा कारखाना मिळून इथे कोठी म्हणतात. तिथल्या मराठी माणसांत लिहितावाचता येणारा मी एकटा. लहानपणी पंतोजींनी छडीनं घोटून घेतलेली बाळबोध अक्षरं साता समुद्रापार अशी उपयोगी पडतील असं त्या बिचाऱ्यालाही वाटलं नसेल. दिवसभर ऊस आणि रविवारी दुपारी पत्रं, असा माझा क्रम होता.

पत्रं बहुतेक मरणाची. आपल्याकडे मरणाच्या पत्राची रीत ठरलेली आहे. माथ्यावर श्री घालायची नाही आणि कागदाचा एक कोपरा फाडायचा. शुभ पत्राला वर श्री आणि कोपऱ्याला हळद. ज्याला अक्षर ओळखत नाही त्यालाही पत्र हातात पडल्याबरोबर कळावं, आणि त्यानं आंघोळीचं पाणी काढावं. मी इतके कोपरे फाडले की कॅम्पातली, म्हणजे कोठीच्या मजूरवस्तीतली, माणसं मला यमाचा कारकून म्हणू लागली. मी कागद घेऊन कुणाच्या दारावरून गेलो तर घरातली बाई पोरांना आत ओढून घ्यायची. मला त्याचं वाईट वाटत नसे. खरं सांगायचं तर थोडा रुबाबच वाटे.

माझ्या शेजारच्या खोलीत एक बाई राहत होती. वयानं पंचविशीच्या आतली, नवरा कारखान्यात रसाच्या कढईवर. मूल नव्हतं. तिचं माहेर म्हणजे तिची एकटी आई, आणि ती होती उत्तरेला, पेती राफ्रेकडच्या एका कोठीवर. लग्न होऊन इकडे आल्यापासून चार वर्षं मायलेकींची भेट नव्हती. एका कोठीवरून दुसरीकडे जायला पास लागे. पास साहेबानं द्यायचा, आणि साहेबाची मर्जी लागायची. आईला मिळाला तर हिचा साहेब हिला तोडणीतून सोडत नसे, हिला मिळाला तर आई दवाखान्यात असायची. पासावाचून रस्त्यावर सापडलेला माणूस म्हणजे मारों. पूर्वी पळालेल्या गुलामांना इथे हा शब्द होता. गुलामी गेली आणि शब्द आमच्यासाठी ठेवून गेली.

एका रविवारी मी तिच्या नवऱ्याच्या मित्राच्या मरणाचं पत्र लिहीत बसलो होतो. ती दारात उभी राहून बघत होती. मी कोपरा फाडला तशी म्हणाली, "दादा, मेल्याचंच लिवता. जित्याचं कवा लिवनार?"

"जित्याचं काय लिहायचं? ऊस तोडला, डाळ खाल्ली, झोपला. शाई फुकट घालवू?"

"डाळीत खडा न्हवता, तर लिवायचं न्हाई का त्ये?"

मी तिला हाकलून दिली. पण ती चिकट. दुसऱ्या रविवारी आली ती एका माणसाला घेऊनच. त्याचा भाऊ वारला होता आणि दहावा होऊन गेला होता. या बेटावर कावळा नाही. मैलोन्‌मैल हिंडा, औषधाला सापडायचा नाही. पिंड ठेवून माणसं तासन्‌तास बसायची आणि शेवटी दर्भाचा कावळा करून मनाची समजूत घालायची. या माणसाच्या भावाच्या पिंडाला एक साळुंकी येऊन शिवली होती. कुणी हुसकली नाही, कुणी बोलावली नाही, आपणहून आली आणि चोच मारून गेली. तो माणूस रडत होता आणि हसतही होता. बाई म्हणाली, "ह्ये लिवा."

मी लिहिलं. वर श्री घातली, कारण तशी रीत, आणि खाली ते एकच वाक्य. मग ती कॅम्पात घरोघर फिरली आणि प्रत्येकाला विचारत गेली की या महिन्यात तुमचं काय बरं झालं. निम्म्या लोकांनी तिला वेड्यात काढलं. एका बाईनं सांगितलं की तिनं दुपारभर उन्हात बसून डोकं बघून घेतलं आणि तिला झोप लागली. एकाला फ्लाकच्या बाजारात खरा हिंग मिळाला होता. सिरदार, म्हणजे आमचा मुकादम, उसाच्या खड्ड्यात पाय घसरून पडला, ही गोष्ट तर सोळा जणांनी वेगवेगळी येऊन सांगितली. ती तशीच्या तशी लिहिली असती तर माझी पाठ सोलून निघाली असती. म्हणून मी लिहिलं की एक जड वस्तू खड्ड्यात पडली आणि बघणाऱ्यांना समाधान वाटलं. रविवारी मी तो कागद झाडाखाली मोठ्यानं वाचला, तेव्हा त्या ओळीला लोक पोट धरधरून हसले. मी लिहिलेलं ऐकून माणसं हसल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं. मला राग आला, कारण डोळ्यांत पाणी येईल की काय अशी भीती वाटली.

तिचा खरा डाव मला दुसऱ्या महिन्यात कळला. तिनं एक नक्कल मागितली आणि कापडात गुंडाळून गाडीवानाकडे दिली. आमचा गाडीवान साखर घेऊन पोर्ट लुईला जाई, तिथे त्याला उत्तरेच्या कोठीचा गाडीवान भेटे. त्या कोठीवरही एक वाचणारा होता. तो आमचा कागद तिथे वाचून दाखवी आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तिथल्या लोकांच्या बऱ्या गोष्टी लिहून परत पाठवी. कागद आला की ही बाई माझ्यापुढे बसे आणि मी वाचू लागलो की हात वर करून थांबवी. "आधी आईचं."

आईचं एकच वाक्य असायचं. भोपळ्याला फुलं धरली. गुडघा दुखला नाही. एकदा आलं की मला स्वप्नात लेकीनं भाकरी करून वाढली आणि ती करपलेली नव्हती. ही त्यावर इतकी हसली की तिला ठसका लागला. माहेरी असताना ती भाकऱ्या करपवायची म्हणे.

पासाला जे जमत नव्हतं ते हा कागद करत होता. मायलेकी जिवंत आहेत हे एकमेकींना महिन्यातून एकदा कळत होतं. बाकी सगळ्यांच्या बऱ्या गोष्टी म्हणजे त्या दोन ओळींना गुंडाळलेलं कापड. हे कळल्यावर मी चिडलो, आपल्याला वापरून घेतलं असं वाटलं, आणि तरी दर महिन्याला बोरू तासून बसलो. दीड वर्ष कागद निघाला. पुढे पुढे माणसं आठवडाभर एखादी गोष्ट जपून ठेवत आणि रविवारी आणून देत. कुणी खोटं सांगू लागला की मी ओळखत असे आणि कागदावर घेत नसे. घरून पत्र आलं असं एकानं सांगितलं तेव्हा मी म्हटलं, दाखव. तो उठून गेला. त्याच्याशी मी असं वागायला नको होतं.

मग तापाचं वर्ष आलं.

त्या वर्षाबद्दल ज्यांनी ते पाहिलं ते बोलत नाहीत आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून उपयोग नाही. थंडी भरायची, दात वाजायचे, ताप चढायचा, उतरायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा. कोठीच्या दवाखान्यात एका चटईवर दोघं. पोर्ट लुईत तर खड्डे खणायला माणसं पुरत नाहीत असं गाडीवान सांगत असे, आणि मग एके दिवशी तोही अंथरुणाला खिळला आणि बदली गाडीवान आला. कॅम्पात रोज कुणीतरी जाई. मी ऊस तोडून येई आणि पत्रं लिही. मजकूरही एकच झाला होता, फक्त नाव बदलायचं. रोज रोज फाडत बसायला नको म्हणून मी रविवारी पाच-सहा कागदांचे कोपरे आधीच फाडून ठेवू लागलो. भाकरीचं पीठ आधीच मळून ठेवावं तसं.

अशातही ही बाई दारात आली. "दादा, कागद काढायचा न्हवं?"

"कसल्या बऱ्या गोष्टी? डोळे फुटलेत का तुझे?"

"आईला कळाया पायजे मी हाय म्हून. एवढंच लिवा. माझ्या घरात ताप न्हाई म्हनावं."

मी चिडून हाताला लागेल तो कागद ओढला. लिहिताना वरची श्री राहिली. महिनाभर हात मरणाच्या पत्रांना सवकला होता, तो सरळ मजकुरावर गेला. हे मला खरंच कळलं नाही. पण कागदाचा कोपरा फाटलेला आहे हे मला दिसलं होतं. घडी घालताना दिसलं. चारही कोपऱ्यांचा कागद आता एकही उरला नव्हता, आणायला फ्लाकला जावं लागलं असतं, आणि मी दमलो होतो. कोपरा काय खायचाय, असं मनाशी म्हणालो आणि घडी तिच्या हातात दिली. तिनं ती तशीच कापडात गुंडाळली. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ती बाई आता या जगात नाही, म्हणून लिहितो आहे.

तीन आठवड्यांनी एका रविवारी, दुपारी, तिची आई उसातून बाहेर आली.

मी दारात बसलो होतो. आधी मला वाटलं कुणी वेडी बाई असावी. ओलं लुगडं अंगावरच वाळलेलं, उसाच्या पात्यांनी हात कापलेले, पाय सुजून पावलांचा आकार गेलेला. लेक समोर तांदूळ निवडत होती. म्हातारी तिच्याकडे बघत उभी राहिली, आणि मग उभ्याची मटकन खाली बसली. लेकीनं वर पाहिलं, किंचाळली, सूप उधळून धावली. "आई! अगं आई! पास दिला त्यानं?"

म्हातारीनं हात पुढे केले. तिनं लेकीचं तोंड चाचपलं, कान, गळा, दंड, मग एकेक बोट. आंधळ्या माणसानं चाचपावं तसं. मग म्हणाली, "वाळलीस गं."

"तू कशी आलीस एवढ्या लांब?"

"आठव आली. आले."

त्या दुपारी शेजारच्या खोलीत जेवण झालं. मला भिंतीतून हसणं ऐकू येत होतं. कुणीतरी भाकरी करपवली होती, बहुतेक मुद्दाम. तापाच्या वर्षात त्या कॅम्पात मी तेवढंच हसणं ऐकलं.

दिवस कलताना म्हातारी माझ्याकडे आली. लेक पाण्याला गेली होती. म्हातारीनं कमरेच्या ओच्यातून घडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. वर श्री नव्हती. कोपरा नव्हता.

"ह्ये तू लिवलंस?"

मला काय झालं ते कळायला तेवढा कागद पुरेसा होता. बाकीचं तिनं सांगितलं. बदली गाडीवानानं पोर्ट लुईत तिचं नाव सांगून कागद पुढे दिला, आणि तिकडच्या गाडीवानानं तो थेट तिच्याच हातात ठेवला. आमच्या कॅम्पात तिचं दुसरं कुणी नव्हतं. दर महिन्याच्या लेकीच्या कागदाऐवजी मरणाचं पत्र आलं, तर मेलेलं दुसरं कोण असणार? तिनं ते कुणाला दाखवलं नाही. गार पाण्यानं आंघोळ केली आणि ओल्या लुगड्यानं चालायला लागली. वाटेत ओढा दिसेल तिथे पुन्हा आंघोळ केली. रस्ता टाळून उसातून, दोन दिवस. लेकीचं काही करायचं राहिलं असेल तर हातानं करावं, जावयाला बघावं, एवढाच तिचा विचार होता.

मी तिच्या पायांवर पडायला हवं होतं. त्याऐवजी मी तिच्यावरच ओरडलो. "कुणाकडून वाचून तरी घ्यायचं, मावशी!"

"कुनाकडनं? आमचा वाचनारा गेला की. त्याचं पत्र कुनी लिवलं न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "आता वाच तरी. काय लिवलं हुतंस?"

मी वाचलं. "आईला कळावं. माझ्या घरात ताप नाही."

तिनं कागद परत हातात घेतला. मग म्हणाली, "मेल्याची खोटी बातमी आली की मानसाचं आयुक्ष वाढतं. वाढू दे पोरीचं. पर तिला सांगू नगंस. जित्या मानसाच्या कानावर असलं घालू न्हाई." आणि मरणाचं पत्र घरात ठेवत नाहीत म्हणून तिनं तो कागद माझ्यासमोर फाडला आणि तुकडे चुलीत टाकले. लेक पाणी घेऊन आली तेव्हा आम्ही भोपळ्याविषयी बोलत होतो.

सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी सिरदारानं तिला पाहिलं. परक्या कोठीची बाई, जवळ पास नाही, आपल्या कोठीवर दोन दिवस गैरहजर. पोलीस यायला फार वेळ लागला नाही. लेकीनं शिपायाचे पाय धरले, जावई हात जोडून उभा राहिला. मी तोडणीच्या रांगेत कोयता घेऊन उभा होतो. पुढे होऊन सांगता आलं असतं की ही पळालेली नाही, लेक मेली असं समजून आली आहे, आणि ते समजायला मी कारण आहे. कदाचित त्यांनी ऐकलंही नसतं. पण मी बोललो नाही. म्हातारीला वचन दिलं होतं असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय, पण ते खरं नाही. मला भीती वाटली होती, एवढंच.

मारों म्हणून तिला कैद झाली. बाहेर होता तोच ताप तुरुंगातही होता. चौथ्या आठवड्यात फ्लाकहून आलेल्या एका शिपायानं फाटकापाशी सांगितलं की ती म्हातारी वारली. त्याला नाव आठवत नव्हतं, सुजलेले पाय आठवत होते. देह मिळाला नाही. मरणाचं पत्र लिहायचं तर ते पाठवायचं कुणाला हाही प्रश्न होता, कारण तिचं जे कुणी होतं ते माझ्या शेजारच्या खोलीत भिंतीवर डोकं आपटत होतं.

मी कागद बंद केला. कुणी विचारलंही नाही.

दोनेक महिन्यांनी, ताप ओसरल्यावर, एका रविवारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. खूप वाळली होती, पण डोळे कोरडे होते. म्हणाली, "दादा, कागद घ्या. माजी एक गोष्ट हाय."

"आता कागद नाही."

"काढा. ह्यो एक काढा." ती उंबऱ्यावर बसली. "लिवा. माजी आई मला भेटाया आली. काय सांगावा न्हवता, काय काम न्हवतं, कुनी आजारी न्हवतं. नुस्ती माजी आठव आली म्हून पासाबिगर आली, उसातनं, दोन दीस चालत. येवडं चालून मला बगाया दुसरं कुनी कवा आलं न्हाई. परत कुनी यायचं न्हाई. जलमात ह्याच्यापरीस बरी गोष्ट मला घडली न्हाई. लिवा."

बोरू माझ्या हातात होता. खोटं आलं की मी कागदावर घेत नसे, आणि हे खोटं होतं. ते तिला माहीत नव्हतं आणि मला होतं. मी तिच्याकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा ती ताठ बसली होती. तिच्याजवळ जगायला म्हणून जे उरलं होतं ते मी एका वाक्यात काढून घेऊ शकलो असतो, आणि माझ्या जिवावरचं ओझंही उतरलं असतं. मी बोरू शाईत बुडवला.

मी तिनं सांगितलं तसं लिहिलं. एकही शब्द बदलला नाही. ती पुढे वाकून ती न वाचता येणारी अक्षरं बघत होती. मग म्हणाली, "वाचा."

मी वाचलं. माझा आवाज मध्येच बसला, तिला वाटलं मला तिच्या आईसाठी रडू येतंय. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, धीर द्यावा तसा.

"बरं लिवलंसा," ती म्हणाली. "पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं.